तिसऱ्या बाकावरची मौन प्रार्थना

रत्नागिरी
१८ सप्टेंबर २०२४

चि. तेजस्वी हिस,
प्रभूच्या नावात सलाम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्याला पत्र म्हणते ते निळ्या अंतर्देशीयाचा मान राखायचा म्हणून. जेमतेम सहा ओळी, त्यातल्या दोन पावसाच्या. हर्णेला पाऊस आहे हे मला ठाऊक आहे गो, तुमचं आणि आमचं आभाळ एकच. बँकेत दिवसभर लोकांच्या स्लिपा भरून देतेस आणि मावशीला एक कागद भरून देताना हात दुखतो होय? फोनवर बोलू म्हणशील तर ते नकोच. मागच्या खेपेस तू तिकडून ओरडत होतीस, मी इकडून ओरडत होते, आणि तुला ताप येऊन गेला हे मला शेवटी शेजारच्या राजश्रीकडून कळलं. तिला तिच्या पडवीत सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. माझे कान गेले ते गेले, त्यात शेजाऱ्यांची करमणूक कशाला?

इकडे सर्व क्षेम. गणपतीच्या दिवसांतल्या वाऱ्याने माझ्या स्वयंपाकघरावरची कौलं उडवली. गॅसशेजारी टोप मांडून मी भाकऱ्या भाजत होते. कोणाला एका शब्दाने बोलले नाही. एकट्या बाईने रोज उठून लोकांना काय काय सांगायचं? रविवारी चर्चमध्ये मौन प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटले आणि प्रभूच्या कानावर घातलं, बस. मंगळवारी सकाळी आपल्या मंडळीतला हर्षद दारात हजर, टेम्पो घेऊन. म्हणाला, इकडूनच चाललो होतो. टेम्पोत मंगलोरी कौलं भरून इकडून सहज कोण जातं? पण मी खोदून विचारलं नाही. त्याला ज्याने धाडलं त्याची माझी जुनी ओळख आहे.

आणि हे एकदाच झालं असंही नाही. बाळा रिक्षावाल्याची बायको बाळंत झाली, घरात मदतीला कोणी नाही, हे मी असंच मनातल्या मनात सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या घरी इतके डबे गेले की बाळंतिणीपेक्षा बाळाच जाड झाला. पाळकसाहेबांच्या प्रवचनाबद्दलही एकदा विनवणी केली होती, की प्रभू, माणूस तरुण आहे, अभ्यासू आहे, पण त्याला थांबायला शिकव. पुढच्या रविवारी प्रवचन असं आटोपलं की मी घरी पोचले तेव्हा भिजत घातलेले वाल अजून मऊसुद्धा झाले नव्हते. तुला सांगते, आपल्या प्रभूचं काम पोस्टखात्याहून चोख आहे.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरच्या चोवीस तारखेला आपला हंगामाचा सण. त्या दिवशीची सर्वांसाठीची प्रार्थना यंदा तू चालवावीस असं पाळकसाहेबांच्या मनात आहे. इतकी वर्षं ती नम्रता चालवायची. माझी धाकटी बहीण म्हणून म्हणत नाही, पण तुझ्या आईने प्रार्थना केली की भाताच्या लोंब्यासुद्धा मान खाली घालायच्या. ती गेली त्याला दोन वर्षं झाली आणि दोन्ही सण कसे तरी पार पडले. तुझ्या गळ्यात तिचा आवाज आहे. मी तुझ्या वतीने हो म्हणून मोकळी झाले आहे. येताना सुक्या कोळंबीचे चांगले सोडे आण, सणाला चर्चच्या मदतीसाठी लिलाव होतो त्यात आपल्या घरचं काहीतरी हवं.

कळावे. लोभ आहे तो वाढव, आणि ओळीही वाढव.

तुझी
आनंदीमावशी


हर्णे
२४ सप्टेंबर २०२४

ती. आनंदीमावशीस,
सादर सलाम. वि. वि.

ओळी वाढवते आहे, पण वाचून तुला आनंद होईल असं वाटत नाही.

हंगामाच्या सणाची प्रार्थना मी चालवू शकणार नाही. बँकेत तपासणी आहे, घसा बसला आहे, अशी कारणं मला सुचली होती. गेली दोन वर्षं मी अशाच कारणांवर चर्च टाळत आले. पुण्याच्या शाखेत होते तेव्हा अंतराचं कारण, जूनमध्ये इथे बदली झाल्यावर पावसाचं. आता तुला खोटं सांगायचा कंटाळा आला. खरं असं आहे की मला प्रार्थना येत नाही. आई गेल्यापासून.

मी देवावर रागावले आहे असं समजू नकोस. रागावले असते तर बरं होतं, निदान भांडता आलं असतं. आईच्या आजारपणात दवाखान्याच्या जिन्यावर बसून मी जेवढं बोलले तेवढं आयुष्यात कोणाशी बोलले नसेन. ती गेली आणि माझं बोलणं संपलं. आता डोळे मिटले की उद्याची कामं दिसतात, कोणाचं केवायसी राहिलं, कोणाचा अंगठा मशीनवर उमटत नाही. बंद झालेला नंबर लावत राहावं तसं वाटतं. रोज सकाळी सहाला माझा फोन एक वचन पाठवतो. ते उघडलं नाही तर सलग दिवसांचा आकडा तुटतो, म्हणून उघडते. आकडा खूप मोठा झाला आहे. वचन कोणतं होतं ते विचारशील तर एकही सांगता येणार नाही.

अशा बाईने सगळ्या मंडळीपुढे उभं राहून आईच्या आवाजात गोड बोलायचं म्हणजे ढोंग. ते माझ्याने होणार नाही. पाळकसाहेबांना काहीही सांग, पण हे सांगू नकोस. मावशी, हे मी फक्त तुला लिहिलं आहे. राजश्रीकाकूंना तर मुळीच कळता कामा नये. त्यांना कळलं म्हणजे मिरकरवाड्याच्या होड्यांना कळलं.

तुला कानाचं मशीन घेऊन देईन म्हणते त्याचं काय झालं? पत्रात ते उत्तर दर वेळी गाळतेस, माझ्या लक्षात येतं.

तब्येत सांभाळ. लोभ होता तसाच ठेव, हे वाचल्यावरही.

तुझी
तेजस्वी


रत्नागिरी
१ ऑक्टोबर २०२४

चि. तेजस्वी हिस,
सलाम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि पवित्र शास्त्रात घालून ठेवलं. तिथे राजश्री हात घालणार नाही याची मला खात्री आहे.

तू लिहिलंस ते बरं केलंस. मला धक्काबिक्का बसला नाही. बत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला आहे मी. चांगलं वाचणारं पोर आजारपणातून उठून शाळेत आलं की कधीकधी त्याला अक्षरच ओळखू येत नाही. त्याला मारून उपयोग नसतो आणि पुस्तक काढून घेऊनही नसतो. बाकीच्या पोरांत बसवून ठेवायचं. ती मोठ्याने वाचतात, हे ऐकतं, आणि एक दिवस मध्येच ओठ हलवायला लागतं. तू येऊन बस, एवढंच माझं म्हणणं. बोलायचं काम मी करते. नम्रता गेल्यावर मलाही वाटलं होतं की आता कोणासाठी मागायचं, पण मला गप्प बसायची सवयच नाही. त्यामुळे माझं चालू राहिलं.

तुझा शब्द मी पाळला आहे. पाळकसाहेबांना नकार कळवलेला नाही आणि कारणही सांगितलेलं नाही. मनुष्यमात्राच्या कानी तुझं काही गेलेलं नाही. फक्त रविवारी मौन प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवलं. अगदी मनाच्या तळातून ठेवलं, नाव घेऊन, काही न वगळता. त्याच्यापासून काय लपवायचं?

मशीनचं उत्तर असं की मला जे ऐकायचं ते ऐकू येतं. तेरा तारखेला रविवार धरून ये. कुळथाचं पिठलं करते.

लोभाची चिंता नको, तो माझ्याकडे मुबलक आहे.

तुझी
आनंदीमावशी


हर्णे
१५ ऑक्टोबर २०२४

ती. राजश्रीकाकूंस,
सादर सलाम. वि. वि.

तुम्हाला मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा कारण तुमच्या लक्षात आलं असेल.

रविवारी दापोलीची गाडी उशिरा पोचली, म्हणून मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. मौन प्रार्थना सुरू झाली आणि तिसऱ्या बाकावरून मावशीचा आवाज आला. आधी वाटलं, तिला काही होतंय. मग शब्द ऐकले. प्रभू, माझ्या तेजस्वीला प्रार्थना येईनाशी झाली आहे, ती फोनवरची वचनं नुसती उघडते आणि मिटते, तिचं तोंड उघड. हे सगळं खणखणीत, पहिलीच्या वर्गात कविता म्हणून दाखवावी तसं. आणि चर्चमध्ये एकानेही डोळे उघडले नाहीत. कोणी दचकलंसुद्धा नाही. म्हणजे हे तुम्हा सगळ्यांच्या सवयीचं आहे.

काकू, तुम्ही तिच्या शेजारी बसता. तिला वाटतं ती मनातल्या मनात बोलते. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे? एकाही माणसाला तिला बाजूला घेऊन सांगावंसं वाटलं नाही? बाहेर पडल्यावर प्रत्येकाने माझ्याकडे असं मऊ बघितलं की मला पळून जावंसं वाटलं. बाळाने रिक्षातून स्टँडवर सोडलं आणि वाटेत एक अक्षर बोलला नाही. बाळा बोलत नाही म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. मी पिठलंही खायला थांबले नाही. मावशीला गाडीचं कारण सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेणार आणि मशीन बसवून आणणार. सणाची प्रार्थना मी चालवणार नाही हे तुम्हीच पाळकसाहेबांना सांगा. कारण सगळ्यांनी ऐकलेलंच आहे.

रागाने लिहिते आहे, पण लोभ मोडू नये.

आपली
तेजस्वी


रत्नागिरी
२१ ऑक्टोबर २०२४

चि. तेजस्वी हिस,
सलाम आणि आशीर्वाद. वि. वि.

तू रागावलीस ते बरोबर आहे. माणसाचं गुपित ते माणसाचं, त्याला चर्चचं छप्पर असलं म्हणून ते सगळ्यांचं होत नाही. आमचं चुकलं.

पण कसं झालं ते ऐकून घे. तुझी आई आजारी पडली त्या सुमारास हे सुरू झालं. आधी नुसती कुजबुज होती. कान जसे जसे गेले तसा आवाज चढत गेला. पाळकसाहेबांनी मला डोळ्यांनी खुणावलं की तुम्ही सांगा. मी सांगणारच होते. त्याच रविवारी ती माझ्याविषयी बोलली. म्हणाली, प्रभू, राजश्रीचा मुलगा मुंबईहून फोन करत नाही, ती संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन पडवीत बसते, माझ्याने बघवत नाही. मी कोणाला हे सांगितलं नव्हतं गो. तिने नुसतं कुंपणावरून बघितलं होतं. मला रडू आलं. मग पुढच्याच वाक्यात म्हणाली की तिच्या जिभेलाही जरा आवर घाल. माझे डोळे तिथल्या तिथे सुकले. पण त्या आठवड्यात कोणीतरी, बाळाच असणार, माझ्या मुलाला फोन करून झापलं. आता तो दर रविवारी फोन करतो. मग मी काय तोंडाने तिला गप्प करणार होते?

पूर्वी मौन प्रार्थनेत आम्ही सगळे घड्याळ बघायचो. आता कान देऊन बसतो. कोणाकडे आजारपण आहे, कोणाच्या घरात कोण अबोला धरून बसलं आहे, ते तिथे कळतं आणि सोमवारपर्यंत कोणीतरी उठून जातं. आपली मंडळी एवढीशी, त्यात जो तो आपापल्या मोबाइलात. ग्रुपवर सगळे हात जोडलेलं चित्र टाकतात आणि झोपतात. तिच्या आवाजाने लोक उठतात, एवढं खरं.

तुझं नाव तिने घेतलं तेव्हा कोणी हसलं नाही. उलट बाहेर आल्यावर हर्षद मला म्हणाला की वर्षभर तोसुद्धा नुसता आमेन म्हणतो, बाकी त्याला काही सुचत नाही. पाळकसाहेब कागद गोळा करता करता म्हणाले की काही सोमवार त्यांनाही कोरडे जातात. आणि माझं विचारशील तर नवरा गेल्यावर दोन पावसाळे मी चर्चमध्ये बसून खोबऱ्याच्या वड्यांचा पाक किती तारी असावा एवढाच विचार केला. आजवर कोणाला बोलले नव्हते. तुझ्यामुळे बोलले.

मशीन आणायचं तर आण, तुझा हक्क आहे, तिलाही बरं पडेल. पण एक लक्षात ठेव. ती कौलं आभाळातून आली असं ती समजते. मशीन घातल्यावर तिचा तो समज मोडेल, आणि मग जे मोडलं ते तुला जोडावं लागेल. पाळकसाहेबांना मी काहीच सांगितलेलं नाही. माझ्या जिभेला एकदा तरी आवर बसला असं म्हण.

लोभ आहे. तू रागावलीस म्हणून उलट जास्तच.

तुझी
राजश्रीकाकू


रत्नागिरी
१२ नोव्हेंबर २०२४

चि. तेजस्वी हिस,
आशीर्वाद.

दिवाळीत तू मशीन बसवून देऊन गेलीस आणि पहिले पाच दिवस मी राणीसारखी हिंडले. माझ्या चपला वाजतात हे मला ठाऊक नव्हतं. फोडणीत कढीपत्ता इतका ओरडतो हे मी विसरले होते. राजश्री शिंकली तर मी माझ्या घरातून देव तुझं भलं करो म्हटलं आणि ती पडवीत दचकली.

मग रविवार आला. मौन प्रार्थना सुरू झाली, मी डोळे मिटले, आणि कोणीतरी बाई मोठमोठ्याने बोलायला लागली. मी मनात म्हटलं, काय बाई आहे, देवाच्या घरात तरी तोंड मिटावं. तिला गप्प करायला मान वळवली. मी थांबले तशी तीही थांबली. मी डोळे उघडले तर सगळं चर्च डोळे मिटून माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होतं.

घरी येऊन राजश्रीला समोर बसवलं. तिने सगळं सांगितलं. तेजस्वी, मला लाज वाटते. पाळकसाहेब समोर बसलेले असताना मी त्यांच्या प्रवचनाची लांबी काढली. लोकांच्या घरातलं ओट्यावर आणून मांडलं. आणि तुझं, तू एवढ्या विश्वासाने लिहिलेलं, ते मी अक्षरनअक्षर वाचून दाखवावं तसं बोलले. तेव्हाच तू पिठलं न खाता गेलीस, होय ना? मला वाटलं गाडी चुकेल म्हणून.

पण याहून एक मोठं आहे आणि ते मी कोणाशी बोलू? कौलं हर्षदने ऐकून आणली. डबे बायकांनी ऐकून दिले. प्रवचन पाळकसाहेबांनी ऐकून कापलं. मग प्रभूने काय केलं? मी उत्तर आलं उत्तर आलं म्हणून नाचत होते, आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता एवढंच. इतके दिवस मी कोणाशी बोलत होते? आज सकाळी बसले तर एक शब्द फुटला नाही. तुझं सप्टेंबरचं पत्र काढून पुन्हा वाचलं. तेव्हा मी तुला पहिलीच्या पोरांचं सांगून शहाणपण शिकवलं. ते आता मला पुरत नाही.

सणाला मी येणार नाही. गुडघ्याचं कारण सांगेन. माझं नाव पुढे करून पाळकसाहेबांना तुझाही नकार कळव.

आनंदीमावशी


हर्णे
१६ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस,
सादर सलाम. वि. वि.

तुझ्या पत्राला शेवटी लोभाची ओळ नाही. तुझ्याकडून असं पत्र मला पहिल्यांदाच आलं. मला ते चालणार नाही.

मशीन मी तुझ्या सोयीसाठी आणलं असं तुला वाटत असेल तर तसं नाही. रागाने आणलं. तू गप्प व्हावीस म्हणून आणलं. तू खरोखरच गप्प झालीस आणि आता मला काही गोड लागेनासं झालं आहे.

तू माझं बोलून दाखवलंस त्यानंतर काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. राजश्रीकाकूंनी मला पाकाच्या तारेचं लिहिलं, ते त्यांनाच विचार. हर्षदने मेसेज केला की आमेन म्हणणाऱ्यांत तोही आहे. बाळाने गेल्या आठवड्यात फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला की बायको अवघडलेली असताना त्याला भीतीने प्रार्थना सुचत नव्हती, तुझी ऐकून तो त्यावर आमेन म्हणायचा. दोन वर्षं मला वाटत होतं की अख्ख्या मंडळीत माझाच नंबर बंद आहे. आता कळतं की निम्म्या लोकांचा कधी ना कधी बंद होता. मी रागावले होते हे खरं, पण हलकंही वाटलं. हे मी तुला आधीच लिहायला हवं होतं.

आता तुझा प्रश्न. मला शास्त्र कळत नाही, बँक कळते. आमच्याकडे रोज कोळणी येतात, त्यांना साहेबांनाच भेटायचं असतं. काम मात्र काउंटरवरच्या आम्ही मुली करतो. झालं की त्या साहेबांच्या केबिनला हात जोडून जातात. काउंटरवर काम झालं म्हणून केबिनमध्ये साहेब नाहीत असं एकीच्याही मनात येत नाही. हे मी तुला पटवते आहे की स्वतःला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि कौलांचं मी हर्षदला विचारलं. त्या रविवारी ऐकलं सगळ्यांनी, त्यानेही ऐकलं, पण त्याच्याकडे एक कौल नव्हतं. सोमवारी त्याला एक ओळखीचा माणूस आपणहून फोन करून म्हणाला की जुनं घर उतरवतोय, चांगली कौलं आहेत, हवी तर उचल. याचा अर्थ काय लावायचा तो तू आणि तुझा प्रभू दोघं बसून लावा. मला एवढंच दिसतं की तुझ्या गॅसवर आता पाणी पडत नाही.

चोवीस तारखेला मी उभी राहणार आहे. मला प्रार्थना यायला लागली म्हणून नव्हे. न येणाऱ्यांतलीही एक जण पुढे उभी राहिली तर बिघडत नाही, असं आता वाटतं. पण एक अट आहे. तू तिसऱ्या बाकावर हवीस आणि बोलायला हवीस. हल्ली मनातल्या मनात बोलणारे पुष्कळ आहेत. गुडघ्याचं कारण मला सांगू नकोस. कारणं देण्यात मी तुझ्याहून तरबेज आहे.

लोभ आहे. तुझ्या वाटणीचाही सध्या मीच धरून ठेवला आहे, येऊन घेऊन जा.

तुझी
तेजस्वी


रत्नागिरी
२७ नोव्हेंबर २०२४

चि. तेजस्वी हिस,
प्रभूच्या नावात सलाम व अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पोचल्याचा निरोप राजश्रीकडून कळला. लिलावात तुझे सोडे पाळकसाहेबांनी घेतले, आणि काल राजश्री सांगत होती की त्यांच्या घराबाहेरून जाताना भूक लागते. बाळाने आणलेला कोंबडा कोणी घ्यायचा यावरून एवढी ओढाताण झाली की शेवटी तो बाळानेच परत विकत घेतला. वचन वाचताना तो दोनदा आरवला म्हणे. आपल्या शास्त्रात कोंबडा आरवला की प्रभूला नाकारलेल्या शिष्याला रडू येतं. माझ्या शेजारी राजश्रीला आलं, पण ती सर्दी म्हणते.

मी येणार नव्हते. तुझं पत्र आल्यावरही दोन दिवस माझा हेका चालू होता. मग सणाच्या सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून वर बघितलं. ती कौलं कुठल्या तरी दुसऱ्या घराची आहेत हे आता मला ठाऊक झालं होतं. कोणी उतरवली, कोणी दिली, कोणी वाहून आणली, कोणी चढून बसवली. इतकी माणसं एका टोपात पडणाऱ्या पाण्यासाठी कोणी हलवली, ते मी विचारत बसले नाही. मी लुगडं बदललं.

तू पुढे गेलीस आणि दोन्ही हातांनी तो लाकडी स्टँड घट्ट धरलास. नम्रता अगदी तसाच धरायची. लोकांना वाटायचं शांत उभी आहे, मला ठाऊक होतं की ती घाबरलेली असते. पाळकसाहेबांनी मौन प्रार्थना सांगितली. मी मशीन कानातून काढलं, पर्समध्ये टाकलं आणि चेन लावली. आवाज ऐकू आला तर मला लाज वाटते, आणि लाज धरून मला मागता येत नाही. मग शब्द आले. काय आले ते लिहीत नाही. तुम्हा सगळ्यांना ठाऊक असणारच.

त्यामुळे एक झालं. डोळे मिटलेले आणि कान पर्समध्ये. तू काय प्रार्थना केलीस त्यातला एक शब्द मला कळला नाही. आमेन झालं तेसुद्धा राजश्रीने कोपर मारल्यावर समजलं. राजश्री म्हणते, फार चांगली झाली. पाळकसाहेबही म्हणतात, चांगली झाली. काय म्हणालीस ते विचारलं की दोघंही चहा घेऊ म्हणतात. दोन वर्षांनी माझ्या पोरीचं तोंड उघडलं आणि मी ते ऐकलं नाही, हे मला खातं आहे. जशी होती तशी लिहून पाठव.

मशीन आता रोज घालते. रविवारी मात्र चर्चच्या पायरीवर काढते. पाळकसाहेबांना विचारलं, चालेल का. त्यांनी एवढ्या घाईने हो म्हटलं की मला संशय आला.

लोभ परत घेतला आहे, व्याजासह.

तुझी
आनंदीमावशी


हर्णे
१ डिसेंबर २०२४

ती. आनंदीमावशीस,
सादर सलाम. वि. वि.

तू विचारलंस म्हणून लिहिते.

मी प्रार्थना कागदावर लिहून आणली होती. पिकांसाठी, दर्यावर गेलेल्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, सगळं आईच्या क्रमाने. मौन प्रार्थना संपली की मी सुरू करायचं असं ठरलं होतं. तुझी संपलीच नाही. पाळकसाहेबांनी मला दोनदा खूण केली, तेव्हा मी तोंड उघडलं. पण माइक माझ्यापुढे असून आवाज तुझाच भरला होता. तू आईचं बोलत होतीस. लहानपणी ती तुझ्या मागे मागे चालायची, आता ती पुढे गेली आहे आणि तुला वाट विचारता येत नाही, असं काहीतरी. मग मला कागद दिसेना. मी तो घडी करून पदरात धरला, माइक बाजूला सरकवला आणि डोळे मिटले. पहिल्यांदाच कामं दिसली नाहीत.

मी एवढंच म्हटलं: प्रभू, ही बोलते आहे तिचं ऐक. मला अजून नीट येत नाही. येईल तोवर हिच्या बोलण्यात माझंही धर.

मग आमेन म्हटलं. तुझं चालू होतं, त्यामुळे पुढचे सगळे आमेन तुझ्या वाक्यांवर झाले.

काकू आणि पाळकसाहेब चांगली झाली म्हणतात ते खोटं नाही, पण त्यांनी ती ऐकलेली नाही. तुझ्या आवाजात कोणालाच ऐकू गेली नाही. म्हणजे सध्या ती मला ठाऊक आहे, त्याला ठाऊक आहे आणि आता तुला. कोणाला सांगू नकोस. अगदी राहवलंच नाही तर पुढच्या रविवारी सांग, मौन प्रार्थनेत. मी मागच्या बाकावर असेन.

पिठलं करून ठेव. लोभ आहेच, तो आता मोठ्यानेही म्हणते.

तुझी
तेजस्वी